चौकोनराव आणि काचेवरचा कागद

एका माणसाच्या हातून एका जन्मात किती अर्ज माघारी जावेत याची देवाने काही मर्यादा ठरवून दिली असेल, तर चौकोनरावांनी ती नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतच ओलांडली होती. पुढची चोवीस वर्षं म्हणजे निव्वळ वरकड.

विमा कचेरीत दाव्यांचं टेबल त्यांच्याकडे होतं. समोर आलेला अर्ज ते वाचत नसत, पाहत असत. अर्जात चौकोन असतात. चौकोनात बरोबरची खूण असते किंवा नसते. असेल तर अर्ज पुढच्या टेबलावर, नसेल तर आल्या पावली परत. "रिकामा चौकोन म्हणजे नाही," एवढंच एक वाक्य ते बोलत, आणि तेही मान वर न करता. चौकोनाखाली लोकांनी काय काय लिहिलेलं असे, ते वाचणं हे पुढच्या टेबलाचं काम. दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

आईवडिलांनी ठेवलेलं नाव कुठल्या ना कुठल्या दाखल्यावर असेलच. पण कचेरीने त्यांना चौकोनराव केलं, आणि निवृत्तीच्या दिवशी पुष्पगुच्छ आणि घड्याळ यांच्यासोबत ते नावही त्यांच्यामागून घरी आलं. एक सांगून ठेवतो, माणूस मनाने वाईट नव्हता हो. वाटेत मुंगी दिसली तर पाय उचलून पलीकडे टाकणारा. फक्त त्या मुंगीने अर्ज केला असता, तर तो परत गेला असता.

तर झालं असं, की वहिनींची थोरली बहीण अंथरुणाला खिळली. वहिनी म्हणजे चौकोनरावांच्या सौभाग्यवती. सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणे. बहीण दोन तासांच्या अंतरावरच्या गावात राहायची, तिला सगळे ताई म्हणत. न्हाणीघरात पाय घसरला, कंबर गेली, आणि गेले पाच महिने ताई छताकडे बघत पडून होती. चाकांच्या खुर्चीसाठी कुठेतरी अर्ज केला होता म्हणे. खुर्ची आली की खिडकीशी बसता येईल, एवढीच तिची हौस उरली होती.

तिथे जायला दोन बस लागत. दोन्हींच्या मध्ये रस्ता ओलांडायचा पूल, आणि पुलाला बहात्तर पायऱ्या. वहिनींच्या गुडघ्यांनी बहात्तर हा आकडा ऐकूनच संप पुकारला होता. दर रविवारी फोन व्हायचा. ताई म्हणायची, "नको गं येऊस, गुडघे सांभाळ." आणि ते अशा आवाजात म्हणायची की त्याचा अर्थ ‘ये’ एवढाच होई. फोन ठेवला की वहिनी अर्धा तास भांडी घासत बसायच्या. घासलेलीच.

एका रविवारी चौकोनरावांना ते बघवेना. "पुढच्या महिन्यापासून तुला ताईच्या दारात गाडीने उतरवीन," ते म्हणाले. घरात म्हणाले असते तर एक वेळ विरून गेलं असतं. पण म्हणाले जिन्यात, आणि ऐकलं वरच्या मजल्यावरच्या भांडारपालांनी. भांडारपालांच्या कानावर गेलेली गोष्ट इमारतीच्या गच्चीपर्यंत जाऊन, पाण्याच्या टाकीला वळसा घालून खाली येत असे. आता माघार नव्हती.

नवी गाडी आवाक्यात नव्हती, म्हणून जुन्या गाड्यांच्या डीलरकडे गेले. पत्र्याच्या छपराखाली ओळीने धुतलेल्या गाड्या, टायरांना काळं पॉलिश, आणि एका टोकाला काचेची केबिन. डीलर इतका गोड बोलायचा, की त्याच्याकडून घरी आल्यावर चहात साखर कमी वाटावी.

"या काका! कोणासाठी बघताय? काकूंसाठी? मग ही बघा. एकाच हातातली गाडी. डॉक्टर वापरायचे, तेही फक्त चांगल्या बातम्या द्यायला."

पण चौकोनरावांचं लक्ष गाडीकडे नव्हतंच. गाडीच्या काचेला आतून एक कागद चिकटवलेला होता, आणि त्या कागदावर, नारायणा, दोन चौकोन होते! निवृत्तीनंतर दीड वर्षाने त्यांना छापील चौकोन दिसत होता. परगावी अचानक आपला माणूस भेटावा तसा त्यांचा ऊर भरून आला.

"हे काय आहे?"

"सरकारचा नवा नियम, काका. जुन्या गाडीला वॉरंटी आहे की नाही, ते काचेवर लिहून लावायचं. आम्ही तोंडाने काहीही बोललो, करारात काहीही छापलं, तरी जे काचेवर तेच खरं."

असा सुंदर नियम करणाऱ्या अधिकाऱ्याला चौकोनरावांनी मनोमन हात जोडले. पहिल्या चौकोनापुढे छापलं होतं ‘जशी आहे तशी, वॉरंटी नाही’. दुसऱ्यापुढे ‘वॉरंटी आहे’. खूण पहिल्या चौकोनात होती. खाली बराच मजकूर हाताने लिहिलेला होता, पण तो खाली होता.

चौकोनरावांनी मान हलवली. "पहिल्या चौकोनात खूण आहे. नाही जमायचं."

"दोन मिनिटं, काका!" डीलरने कागद अलगद सोडवला, तो केबिनमध्ये गेला आणि खरोखरच दोन मिनिटांत परत आला. आता पहिला चौकोन कोरा, दुसऱ्यात झोकदार खूण, पुढे ‘तीन महिने’. खालची जागा स्वच्छ.

"नवीन कागद केलात?"

"तुमच्यासाठी सगळं नवीन, काका."

चौकोनरावांनी करारावर दहा ठिकाणी सह्या ठोकल्या. काय छापलंय ते पाहिलंसुद्धा नाही. जे काचेवर तेच खरं. घरी येताना गाडीत चांगलंच उबदार वाटत होतं. ते त्यांनी आनंदावर घातलं.

खाली भांडारपाल उभेच होते. हे गृहस्थ इस्पितळाच्या औषधभांडारात तीस वर्षं होते आणि जगातली प्रत्येक वस्तू थंड, कोरड्या जागी, प्लास्टिकच्या आत असावी अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी गाडीकडे ओझरतं पाहिलं आणि कागदाकडे रोखून.

"हा असा उघडा ठेवणार?"

"कपाटात ठेवतो."

"कपाटात! वाळवी आहे, ओल आहे, नातवंडं आहेत..."

"आम्हाला नातवंडं नाहीत."

"होतील. सांगून थोडीच होतात?"

"अहो, वॉरंटी तीन महिन्यांची आहे."

"वाळवीला तीन महिने पुष्कळ झाले," भांडारपाल म्हणाले. "लॅमिनेट करून घ्या. आमच्याकडे मी औषधांची यादी लॅमिनेट केली, पाळ्यांचा तक्ता केला, मोठ्या डॉक्टरांचा राजीनामा केला. पुढे डॉक्टरांनी तो मागे घेतला, पण फाडता आला नाही."

आता सांगा, कागद जिवापाड जपणाऱ्या माणसाला हा सल्ला नाकारता येईल? चौकोनराव कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. यंत्राने कागद एका बाजूने गिळला आणि दुसऱ्या बाजूने चकचकीत, कडक आणि गरमागरम बाहेर काढला. दुकानदाराने तो लगेच खाकी पाकिटात सरकवला. ते उबदार पाकीट छातीशी धरून चौकोनराव घरी आले आणि त्यांनी ते कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि दीड वर्षाच्या निवृत्तीत त्यांनी पहिल्यांदाच एक अर्ज, चौकोनावर नजर न टाकता, बंद केला.

रविवार उजाडला. वहिनींनी ठेवणीतली साडी काढली. डब्यात ताईच्या आवडीचं काहीबाही भरलं आणि ताईला फोन केला, "अकरापर्यंत येतोच."

पहिला गिअर पडला, दुसरा पडला. तिसरा पडला आणि रुसलेल्या जावयासारखा तडक उठून बाहेर आला. पुन्हा टाकला, पुन्हा उठला. आणि गाडीतली ती आनंदाची ऊब! ती समोरच्या जाळीतून भसाभसा येत होती. चौकोनरावांनी हीटरचं बटण डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, शेवटी ते हातात आलं. ऊब चालूच.

"अहो, मी ताईला भेटायला निघालेय," वहिनी पदराने घाम टिपत म्हणाल्या, "भाजून निघायला नाही."

एकोणिसाव्या किलोमीटरवर गाडीने एक दीर्घ उसासा टाकला आणि ती उभी राहिली. दुधाच्या रिकाम्या गाडीने दोर बांधून घरापर्यंत ओढत आणलं. भरवस्तीतून, अगदी हळू. गच्चीवरून भांडारपालांनी हात हलवला.

वहिनींनी फोन लावला. "ताई, आज नाही गं जमत. पुढच्या रविवारी नक्की."

"बरं," ताई म्हणाली. ‘नको येऊस’ नाही, ‘गुडघे सांभाळ’ नाही. नुसतं ‘बरं’. शेजारी बसलेल्या चौकोनरावांना ते ऐकू आलं. त्या रविवारी घरातली भांडी तासभर घासली गेली.

सोमवारी सकाळी चौकोनराव पाकीट काखेत मारून डीलरकडे हजर झाले. मनात राग होता, पण त्याच्या तळाशी एक समाधानही होतं. आपला चौकोन भरलेला आहे.

"वॉरंटी?" डीलरच्या भुवया वर गेल्या. "कुठली वॉरंटी, काका?"

चौकोनरावांनी पाकिटातून कागद असा उपसला, जशी म्यानातून तलवार. टेबलावर ठेवला. आणि पाहिला.

दोन्ही चौकोन कोरे होते. ‘तीन महिने’ नव्हते. छापील अक्षरं जागच्या जागी, प्लास्टिक झकास चमकतंय, आणि हाताने लिहिलेलं सगळं असं नाहीसं झालेलं, जसं कधी नव्हतंच. चौकोनरावांनी चष्मा पुसला. कागद पुसला. मग पुन्हा चष्मा.

"इथे... इथे खूण होती. तुम्हीच केली होती!"

"केली असती तर दिसली नसती का?" डीलरच्या आवाजात खरोखरची कणव होती. त्याने करार काढला आणि मोहरीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "बघा, इथे काय छापलंय? ‘जशी आहे तशी.’ खाली सही कोणाची आहे? काका, उन्हात हिंडू नका फार. पाणी देऊ?"

चौकोनरावांनी पाणी घेतलं नाही. त्या दिवसात त्यांच्या मानाला शोभेल असं तेवढंच एक घडलं.

ग्राहक तक्रार कचेरीत अर्ज दिला, तो खिडकीतून परत आला. ‘अर्जदार ग्राहक आहे / विक्रेता आहे’ हा चौकोन रिकामा राहिला होता. कोणाचा? चौकोनरावांचा! रागाच्या भरात खूण राहून गेली. खिडकीतल्या मुलीने मान वर न करता कागद सरकवला, आणि चौकोनरावांना ती मान ओळखीची वाटली. दुसऱ्यांदा अर्ज घेतला गेला. सुनावणी गुरुवारी, गाडी आणि मूळ कागद दोन्ही हजर करावे.

मंगळवारी लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात शाळेत शिकवते. बापाचा आवाज ऐकूनच तिने विचारलं, "बाबा, काय झालं?" त्यांनी सगळं सांगितलं.

"एक मिनिट. तुम्ही तो कागद गरम केलात?"

"छे! लॅमिनेट केला फक्त."

"अहो बाबा! ते म्हणजे इस्त्रीच की! त्याने खोडता येणाऱ्या पेनने लिहिलं असणार. टोकाने लिहायचं, मागच्या बाजूने घासायचं, की घासल्याच्या उष्णतेने शाई दिसेनाशी होते. माझ्या वर्गातून आठ जप्त केलेत. मुलं गुण बदलतात पेपरावरचे."

"म्हणजे गेलंच की ते सगळं."

"गेलं नाही. शाई कागदातच असते. फ्रीजरमध्ये ठेवा रात्रभर, परत उमटते. माझ्या फ्रीजरमध्ये आत्ता सहामाहीचा एक गठ्ठा आहे."

चौकोनरावांचा विश्वास बसला नाही. पण विश्वास न बसून दुसरं करणार काय? वॉरंटी मटारच्या पिशवीखाली गेली.

बुधवारी सकाळी वहिनी मटार काढायला गेल्या आणि किंचाळल्या. चौकोनराव धावले. वहिनींच्या हातात बर्फाची साय धरलेला कागद होता, आणि त्यावर ‘वॉरंटी आहे’ या चौकोनात खूण होती! ‘तीन महिने’ होते! चौकोनरावांना हुंदका आवरेना.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या चौकोनातही आहे."

होती. ‘जशी आहे तशी’ मध्येही खूण होती. थंडीने सगळंच परत आणलं होतं, डीलरने घासून घालवलेलंसुद्धा. नवीन कागद वगैरे काही नव्हता. तोच जुना, केबिनमध्ये नेऊन खोडलेला. आणि खालच्या रिकाम्या जागेत आता डीलरच्या अक्षरात चार ओळी होत्या. वहिनींनी त्या वाचल्या, कारण चौकोनरावांचं लक्ष अजून चौकोनांतच होतं.

"‘तिसरा गिअर टिकत नाही. हीटर बंद होत नाही. मोठा खर्च निघेल. लांबच्या प्रवासाला गाडी नेऊ नये.’" वहिनी थांबल्या. "अहो, तुम्ही काचेवर पहिल्यांदा कागद पाहिलात, तेव्हा हे असंच लिहिलेलं होतं?"

चौकोनराव मटारची पिशवी सारखी करू लागले.

"सांगा की. होतं?"

"मी... चौकोन बघत होतो."

वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद पुन्हा मटाराखाली ठेवला, हलक्या हाताने फ्रीज लावला, आणि त्या स्वयंपाकाला लागल्या.

गुरुवारी गाडी हजर करायची होती. चार दिवसांच्या विश्रांतीनंतर ती कशीबशी सुरू झाली, आणि चौकोनराव ती दुसऱ्या गिअरमध्ये रांगत रांगत घेऊन निघाले. मागे मोटारींची वरात, भोंग्यांचा गजर. पुराव्यावरून क्षणभरही नजर हलू नये म्हणून त्यांनी तो समोर, काचेखाली, अगदी डोळ्यांपुढे ठेवला. म्हणजे कुठे? त्या जाळीवर, जिच्यातून न बंद होणारा हीटर अखंड फुंकत होता. नजर मात्र रस्त्यावर ठेवावी लागली. मागचे लोक फार वाईट बोलत होते.

सुनावणीच्या खोलीत डीलर आधीच पाय पसरून बसला होता. टेबलामागचे अधिकारी वर पाहून उठले. "सर? तुम्ही?"

तो धाकला होता! विमा कचेरीत चौकोनरावांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा धाकला कारकून. एकदा एका बाईचा अर्ज तिसऱ्यांदा परत जाताना तो म्हणाला होता, "सर, त्यांनी खाली पानभर सगळं लिहिलंय हो. नवरा कसा गेला तेही. फक्त खूण राहिलीय." आणि चौकोनराव मान वर न करता म्हणाले होते, काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्याच महिन्यात धाकल्याने दुसरी नोकरी धरली. आता त्याच्या कानावरचे केस पिकले होते.

"बसा सर. कागद?"

चौकोनरावांनी कागद ठेवला. कोरा. हीटरने वाटेतच त्याचा निकाल लावला होता.

डीलर हसला नाही. त्याने नुसती मान खाली घातली. ते हसण्याहून वाईट होतं. चौकोनराव गिअर, हीटर, मटार असं काहीबाही बोलत राहिले. मटारचा उल्लेख आल्यावर लघुलेखिकेने लिहिणं थांबवलं.

"सर," धाकला हळू आवाजात म्हणाला, "रिकामा चौकोन म्हणजे नाही. तुमच्याच हाताखाली शिकलो मी."

"उद्या आणतो. उद्या दिसेल. एक दिवस दे, एकच."

"त्या बाईंना तुम्ही किती मुदत दिली होती, आठवतंय?"

चौकोनरावांना आठवत होतं. "नव्हती दिली."

"मी उद्या अकरापर्यंत देतो," धाकला म्हणाला.

घरी आल्यावर ते जिन्यातच बसले. वर जाऊन वहिनींना काय सांगायचं? तिथेच भांडारपालांनी त्यांना गाठलं, सगळं वदवून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, लसी कशा नेतात? पेटीतून! चारी बाजूंनी बर्फ, वर घट्ट झाकण. माझ्याकडे आहे एक. निवृत्त होताना कोणी मोजली नाही." लॅमिनेटचा सल्ला कोणी दिला होता, ही आठवण चौकोनरावांच्या ओठांवर आली होती. पण पेटी हवी होती.

रात्रभर कागद पुन्हा मटाराखाली राहिला आणि शुक्रवारी चौकोनराव बसने गेले. मांडीवर निळी लसपेटी. शेजारच्या माणसाने ती पाहून आपली जागा बदलली.

अकराला पाच कमी असताना पेटी टेबलावर उघडली. वाफ निघाली, धाकल्याचा चष्मा धुरकटला. त्याने तो पुसला आणि कागद दोन बोटांनी उचलला. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, खालच्या चार ओळींसकट, दोनदा.

डीलर खुर्चीत सावरून बसला. "साहेब, दोन्हीकडे खूण आहे. म्हणजे कागद बाद. ह्यांनीच घरी बसून काही केलं असेल."

"अक्षर तुमचं नाही?"

"असेलही माझ्यासारखं."

"खिशातला पेन देता जरा?"

डीलरचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. शेवटी पेन टेबलावर आला. धाकल्याने कोऱ्या कागदावर एक खूण केली, पेन उलटा करून घासला. खूण गेली.

"सर," धाकला चौकोनरावांकडे वळला, "दोन्ही चौकोनांत खूण असेल तर काय धरायचं? तुमचा दुसरा नियम."

तो नियम चौकोनरावांनीच लिहून भिंतीला लावला होता. त्यांना तो म्हणावासा वाटेना. "ज्याने खूण केली," ते पुटपुटले, "त्याच्या विरुद्ध धरायचं."

"आणि इथे खूण कोणी केली?"

चौतीस वर्षं खुणा करणारा नेहमी अर्जदारच होता. नियम कायम पलीकडच्या बाजूलाच कोसळत आला होता. आज पहिल्यांदा तो त्यांना सोडून दुसऱ्याच्या अंगावर पडला, आणि तरी चौकोनरावांना खांदे उचलवेनात.

आदेश झाला. वॉरंटी धरली; डीलरने गिअर आणि हीटर स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावा. डीलर पुन्हा गोड झाला. "नक्की करतो, काका! सुटे भाग बाहेरून यायला फक्त सहा आठवडे लागतील."

जाता जाता चौकोनराव दारात थबकले. "अरे, त्या बाईंचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही, सर. चौथ्यांदा त्या आल्याच नाहीत."

आणि परवावर रविवार. गाडी डीलरच्या छपराखाली. दिलेला शब्द मात्र घरातच.

"बसने जाऊ," चौकोनराव म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि साडी बदलली. ठेवणीतली नाही, रोजची. बसमध्ये बसताना त्यांनी स्वतः खिडकीकडची जागा घेतली. "आदेश खिशात आहे ना? मग तुम्ही सावलीत बसा."

पूल आला. बहात्तर पायऱ्या. एक हात कठड्यावर, एक हात चौकोनरावांच्या खांद्यावर, दर आठ पायऱ्यांना मुक्काम. नवव्या मुक्कामाला वर पोचेपर्यंत दुसरी बस निघून गेली होती. तिसरी आली ती भरून. अकराला पोचायचे, ते दीडला पोचले.

ताईने दाराकडे मान वळवली. पाच महिन्यांत ती एवढीशी झाली होती. "गाडीने आलात?" तिने विचारलं.

बस, इथून वहिनींचं आख्यान सुरू झालं! डीलरचा गोडवा, रुसलेला गिअर, मटार, लसपेटी, सगळ्यांचे आवाज काढून. चौकोनरावांचा तर विशेष. ताई आधी नुसती ऐकत होती. वरातीपाशी तिचे ओठ हलले. लसपेटीपाशी तिला हसू फुटलं, आणि कंबरेत कळ आली तरी ते थांबेना. "पुरे गं, दुखतंय! मग? मग पुढे काय झालं?"

चौकोनराव कोपऱ्यातल्या स्टुलावर आपल्या अब्रूचे तुकडे मांडीवर घेऊन बसले होते. हसणं ओसरल्यावर ताईने उशीखाली हात घातला.

"तुम्ही कचेरीतले म्हणून विचारते. खुर्चीचा अर्ज तीनदा परत आलाय. काय चुकतंय ते कोणी सांगतच नाही."

चुरगळलेला, तीन शिक्क्यांचा कागद त्यांच्या हातात आला. रिकामा चौकोन त्यांना दारातूनसुद्धा दिसला असता. दुसऱ्या पानावर, उजवीकडे, वरून तिसरा. पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. चष्मा लावला आणि ताईने लिहिलेलं वाचायला घेतलं. पहिल्या ओळीपासून. ‘दोन महिन्यांपासून मी छत बघत आहे’, इथून. वाचायला त्यांना फार वेळ लागला.

मग त्यांनी खिशातून पेन काढला.

"आधी बघा, कुठला पेन आहे तो," वहिनी म्हणाल्या.

चौकोनरावांनी उशाशी पडलेल्या वर्तमानपत्राच्या कडेला एक खूण केली. अंगठ्याने घासली. पुन्हा घासली, कागद फाटायला येईतो.

खूण गेली नाही.